वीसपर्यंत म्हणता येते, पण तीन बटणे देता येत नाहीत

तीन वर्षांचे मूल ‘एक, दोन, तीन’ पासून वीसपर्यंत एका दमात म्हणून दाखवते आणि घरातल्या मोठ्यांना त्याचे साहजिकच कौतुक वाटते. त्याच मुलासमोर बटणांचा डबा ठेवावा आणि “मला तीन बटणे दे” असे सांगावे. पुष्कळदा ते डब्यात हात घालते, मूठभर बटणे काढते आणि समोरच्याच्या तळहातावर ओतते. मुठीत पाच आली की सात, याची त्याला फिकीर नसते. “मोजून बघ बरं” म्हटले, तर बोट ठेवत ते ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ असे बिनचूक मोजते, आणि तरीही ही तीनच आहेत यावर ठाम राहते.

हे मूल हट्टी नाही आणि त्याचे लक्षही उडालेले नाही. संख्यांची नावे ओळीने म्हणणे आणि त्या नावांचा अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीपासून दुसरीपर्यंत पोहोचायला मुलाला बहुधा एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. शाळेत जाण्यापूर्वी घरी गणिताचे काही करायचे असेल, तर ते या मधल्या काळात करायचे असते, असे मला वाटते. शंभरपर्यंत पाठ करून घेण्याने हे अंतर कमी होत नाही.

‘इतक्या वस्तू दे’ हीच चाचणी घेऊन करेन विन या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने 1990 आणि 1992 मध्ये हा प्रवास नीट उलगडून दाखवला. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला संख्यांची नावे एखाद्या बडबडगीतासारखी पाठ असतात. त्यांपैकी अर्थ आधी फक्त ‘एक’ला चिकटतो. एक मागितले तर ते एकच देते, दोन, तीन किंवा चार मागितले तर मूठभर देते. काही महिन्यांनी ‘दोन’ पक्के होते, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. त्यानंतर, साधारण साडेतीन ते चार वर्षांच्या सुमारास, चित्र बदलते. पाच, सहा, सात हे एकेक करून शिकावे लागत नाहीत, कारण मोजताना शेवटी उच्चारलेला शब्द हाच त्या सगळ्या वस्तूंचा आकडा असतो, ही मेख मुलाला सापडलेली असते. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी 1978 मध्ये मोजण्यामागची जी पाच तत्त्वे मांडली, त्यांत हे एक आहे. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, कोणत्याही प्रकारच्या वस्तू मोजता येतात आणि सुरुवात कुठूनही केली तरी चालते, ही उरलेली चार. मोठ्यांना ही तत्त्वे इतकी अंगवळणी पडलेली असतात की त्यात शिकण्यासारखे काही आहे, हेच आपल्या ध्यानात येत नाही.

शेवटच्या शब्दाची ही मेख मुलाला कळली आहे का, हे घरी सहज पाहता येते. चार चमचे ओळीत मांडून मुलाला मोजायला सांगावे आणि मोजून झाल्यावर “मग किती चमचे आहेत?” असे विचारावे. ज्याला अर्थ लागलेला नाही, ते मूल पुन्हा पहिल्या चमच्यापासून मोजू लागते. ‘किती’ हा प्रश्न त्याला ‘मोज’ या आज्ञेसारखा ऐकू येतो. अशा वेळी सर्वांत उपयोगी पडते ते मोठ्यांनी मोजणे आणि एकूण आकडा एकाच दमात जोडून बोलणे: “एक, दोन, तीन. तीन चमचे.” बोलताना शेवटी हात सगळ्या चमच्यांवरून गोल फिरवावा, म्हणजे ‘तीन’ हे तिसऱ्या चमच्याचे नाव नसून सगळ्यांचे मिळून आहे, हे डोळ्यांनाही दिसते. जिना चढताना पायऱ्या मोजणे छान असते, पण त्यात सगळ्या पायऱ्या एकत्र कधीच समोर नसतात, म्हणून या विशिष्ट कामासाठी ते तितकेसे उपयोगाचे नाही.

सुरुवात लहान समूहांपासून करण्यामागे आणखी एक कारण आहे. तीन-चारपर्यंतच्या वस्तू माणसाला न मोजता, नुसत्या नजरेने ओळखता येतात. अगदी लहान मुलांना यापेक्षाही एखादी कमी. नजरेला आधीच दिसलेल्या ‘दोनपणा’ला ‘दोन’ हा शब्द चटकन चिकटतो. मराठीही इथे थोडी मदत करत असावी. ‘एक फूल, दोन फुले’, ‘एक वाटी, दोन वाट्या’ असे म्हणताना एक आणि अनेक यांतला फरक कानाला ऐकू येतो. ‘एक दगड, दोन दगड’ यात तो ऐकू येत नाही. एकवचन-अनेकवचन स्पष्ट दाखवणाऱ्या इंग्रजी आणि रशियन भाषा बोलणारी मुले ‘एक’चा अर्थ जपानी मुलांपेक्षा लवकर शिकतात, असे 2007 मधील एका अभ्यासात आढळले होते. मराठी मुलांवर असा अभ्यास झाला आहे असा माझा दावा नाही. पण पहिल्या खेळासाठी दगडांऐवजी वाट्या घ्यायला काहीच हरकत नाही.

घरातल्या बोलण्याचा परिणाम किती, हे सुझन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. त्यांनी 44 मुलांच्या घरी, मूल 14 महिन्यांचे असल्यापासून 30 महिन्यांचे होईपर्यंत, पाच वेळा दीड-दीड तास चित्रण केले. या साडेसात तासांत काही पालकांच्या तोंडून संख्यावाचक शब्द जेमतेम 4 वेळा आले, तर काहींच्या तोंडून 257 वेळा. ज्या घरांत हे शब्द अधिक ऐकू येत होते, त्या घरांतील मुलांना 46व्या महिन्यात संख्यांचे अर्थ अधिक चांगले कळत होते, आणि कुटुंबाची आर्थिक-शैक्षणिक स्थिती हिशेबात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहिला. पुढच्याच वर्षी याच माहितीतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दल बोललेल्या संख्या, आणि त्यातही चार ते दहा या संख्या, मुलांच्या प्रगतीशी अधिक जोडलेल्या होत्या. म्हणजे तीनपर्यंत पाया घातल्यावर तिथेच थांबायचे नसते.

असे अभ्यास दोन गोष्टींतला संबंध दाखवतात, एकीमुळे दुसरी घडली हे सिद्ध करत नाहीत. प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला तो गीता रमानी आणि रॉबर्ट सिगलर यांनी, 2008 मध्ये. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील शाळापूर्व वयाच्या मुलांशी ते एक साधा पटाचा खेळ खेळले. एका रांगेत दहा घरे, त्यांत 1 ते 10 आकडे, आणि 1 किंवा 2 दाखवणारी फिरकी. दुसऱ्या गटाच्या पटावर आकड्यांऐवजी रंग होते, बाकी सारे तेच. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका झाल्या. आकड्यांच्या पटावर खेळलेल्या मुलांना आकडे ओळखणे, मोजणे, दोन संख्यांतील मोठी कोणती ते सांगणे आणि रेषेवर संख्येची जागा दाखवणे हे सारे अधिक चांगले जमू लागले, आणि नऊ आठवड्यांनंतरही हा फायदा टिकून होता. नंतरच्या प्रयोगात गोल पटावर इतका परिणाम दिसला नाही. सरळ रांगेत मोठी संख्या म्हणजे लांबची जागा, तिथे पोहोचायला अधिक वेळ, अधिक उड्या आणि अधिक शब्द. संख्येचा मोठेपणा मुलाच्या हाताला, डोळ्याला आणि कानाला एकाच वेळी जाणवतो.

हा पट घरी पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर दहा मिनिटांत तयार होतो. फिरकीऐवजी एक नाणे घेऊन त्याच्या एका बाजूला 1 आणि दुसऱ्या बाजूला 2 लिहिलेला कागद चिकटवला तरी पुरते. खेळताना मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. सोंगटी 5 वर असताना 2 पडले, तर पुढच्या दोन घरांना ‘एक, दोन’ न म्हणता ‘सहा, सात’ म्हणावे. मोठ्या पटावर केलेल्या प्रयोगात मुले घरातला आकडा उच्चारत पुढे सरकली तेव्हा त्यांना लाभ झाला. दर खेळीला पुन्हा एकपासून मोजणाऱ्यांना तसा झाला नाही. मुलाच्या तोंडी ‘एक, दोन’ आलेच, तर त्याला थांबवू नये. आपल्या खेळीत आपण ‘सहा, सात’ म्हणत राहावे.

टोकण्याबद्दल आणखी थोडे. दोन सारख्या ओळींतली एक ओळ पसरवली की त्या ओळीत वस्तू जास्त झाल्या, असे लहान मुले सांगतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी दाखवले होते. पुढे 1974 मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग थोडा बदलून केला. या वेळी ओळ विस्कटण्याचे काम मोठ्या माणसाने न करता एका खोडकर टेडीने केले. आता बऱ्याच अधिक मुलांनी ‘दोन्ही सारख्याच’ असे योग्य उत्तर दिले. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला की आपले आधीचे उत्तर बदलायला हवे, असा अर्थ मुले काढतात, हे याचे एक स्पष्टीकरण आहे. मुलाने बरोबर सांगितल्यावर “नक्की ना?” असे खोदून विचारण्याची सवय म्हणूनच सोडून द्यावी.

बोटांवर मोजण्यालाही हटकू नये. ज्या मुलांना ‘दोन’ किंवा ‘तीन’ हे शब्द नीट वापरता येत नाहीत, तीही तितकी बोटे अनेकदा बरोबर दाखवतात, असे 2015 मधील एका अभ्यासात दिसले आहे. तोंडाने ‘पाच’ म्हणत मूल दोन बोटे दाखवत असेल, तर आधी बोटांकडे पाहावे आणि “हो, दोन” म्हणावे.

बटणांचा डबा मग दर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा काढावा. परीक्षा म्हणून नव्हे, बाहुलीच्या सदऱ्याला चार बटणे हवी आहेत म्हणून. एखाद्या दिवशी मूल मूठ भरणार नाही. ते एकेक बटण बाहेर ठेवेल, ओठांतल्या ओठांत मोजेल आणि ‘चार’ म्हणताच डब्याकडे निघालेला त्याचा हात मध्येच थांबेल.