एन्सेम्बल स्टुडिओज : चमू विसर्जित, खेळ चालूच

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा संगणकावरचा डावपेचांचा खेळ १९९९ मध्ये बाजारात आला आणि त्याला आजही नव्या संस्कृती, नव्या मोहिमा जोडल्या जातात. तो घडवणारा ‘एन्सेम्बल स्टुडिओज’ हा चमू मात्र जानेवारी २००९ मध्येच विसर्जित झाला. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून वाढलेल्या मराठी पिढीला ‘वोलोलो’ हा शत्रूचा सैनिक आपल्या बाजूला वळवणारा पुजाऱ्याचा मंत्र समजावून सांगावा लागत नाही, पण तो मंत्र जिथे जन्मला त्या जागेची माहिती सहसा कोणाला नसते. खेळ टिकला आणि खेळ करणारे विखुरले, हे कसे घडले ते समजण्यासाठी या स्टुडिओची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, हे पाहावे लागते.

सुरुवात खेळांच्या धंद्यात झालीच नव्हती. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात डॅलस येथे टोनी गुडमन यांची ‘एन्सेम्बल कॉर्पोरेशन’ ही कंपन्यांना सॉफ्टवेअर आणि सल्ला पुरवणारी संस्था होती. १९९०च्या दशकाच्या मध्यावर, डेटाबेसच्या कामाला कंटाळलेल्या गुडमन यांनी आपला भाऊ रिक आणि सहकारी ब्रायन सलिव्हन यांच्यासह खेळ तयार करणारी शाखा काढली. या तिघांनाही खेळ तयार करण्याचा व्यावसायिक अनुभव नव्हता. तो आणला ब्रूस शेली यांनी. शेली मूळचे बोर्ड गेमच्या दुनियेतले, पुढे मायक्रोप्रोझ या खेळ बनवणाऱ्या कंपनीत रचनाकार सिड मायर यांच्यासोबत ‘रेलरोड टायकून’ (१९९०) आणि ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) यांवर काम केलेले. गुडमन आणि त्यांची ओळखही बोर्ड गेम खेळणाऱ्यांच्या मंडळातूनच झालेली होती.

त्यांच्यापुढची कल्पना तशी साधी होती. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये इतिहासाचा विस्तार होता, पण तो पाळीपाळीने खेळायचा होता; ‘वॉरक्राफ्ट’ आणि ‘कमांड अँड कॉन्कर’ यांत सर्वांच्या चाली एकाच वेळी होत, पण इतिहास नव्हता. या दोहोंची सांगड घालणारा खेळ सुरुवातीला ‘डॉन ऑफ मॅन’ या तात्पुरत्या नावाने आकाराला आला आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ‘एज ऑफ एम्पायर्स’ म्हणून प्रसिद्ध केला. त्यात मिसर, ग्रीस, बॅबिलोन, पर्शिया अशा १२ प्राचीन संस्कृती होत्या. बेरीच्या झुडपापासून सुरू करून शेती, खाणी आणि सैन्यापर्यंत पोहोचायचे, या क्रमामुळे लढाई न आवडणारेही त्यात रमले. शस्त्रे आणि स्फोट यांवर पोसलेल्या त्या काळच्या बाजारात ही मोठी गोष्ट होती.

या चमूचे सर्वांत मोलाचे काम मात्र पडद्यावर दिसत नाही. आठ जणांनी साध्या टेलिफोन मोडेमवरून एकत्र खेळावे, असे उद्दिष्ट त्यांनी ठरवले होते आणि गृहीत धरलेला संगणक होता १६ मेगाबाइट स्मृतीचा, ९० मेगाहर्ट्झ पेंटियमचा, सोबत २८.८ किलोबिटचा मोडेम. प्रत्येक सैनिक कुठे आहे, कोणीकडे तोंड करून आहे, किती जखमी आहे, ही माहिती सतत पाठवायची म्हटले तर त्या तारेवरून जेमतेम २५० हलती पात्रे मावली असती. त्यामुळे त्यांनी उलटा विचार केला : सैनिकांची स्थिती पाठवायचीच नाही, खेळाडूंनी दिलेले हुकूम तेवढे पाठवायचे, आणि प्रत्येक संगणकाने तेच हुकूम त्याच क्षणी अमलात आणून तंतोतंत सारखी लढाई आपापल्या घरी घडवायची. आज्ञा दिल्यावर ती साधारण २०० मिलिसेकंदांच्या दोन फेऱ्यांनंतर अमलात येई. हा विलंब खेळाडूंना जाणवतच नसे. विलंब एकसारखा असला की हात त्याला सरावतो. तो कमी-जास्त होत राहिला तरच चिडचिड होते, हे त्यांनी चाचण्यांतून पाहिले होते.

या युक्तीची किंमतही होती. दोन संगणकांवरचा हिशेब कुठे केसभर जरी चुकला, तरी ती चूक वाढत जाई. चमूतल्याच मार्क टेरानो आणि पॉल बेटनर यांनी २००१ मध्ये लिहिलेल्या तांत्रिक लेखात याचे उदाहरण आहे : नकाशा तयार होताना एक हरिण किंचित वेगळ्या जागी उभे राहते, ते थोडे वेगळे चरते, काही मिनिटांनी एका गावकऱ्याची वाट जराशी चुकते किंवा त्याचा भाला हुकतो, तो मांसाशिवाय परततो, आणि तिथून दोन्हीकडचे जग वेगळे होते. माझ्या मते या स्टुडिओचा स्वभाव कळायला पेटीवरच्या सम्राटांच्या चित्रांपेक्षा हे हरिण अधिक उपयोगी आहे. अशा चुका सापडत, कारण कार्यालयातल्या प्रत्येकाने, तो कोणत्याही कामाला असो, तयार होत असलेला खेळ नियमितपणे खेळायचा आणि मत द्यायचे, अशी तिथली रीत होती.

दुसरा खेळ, म्हणजे ‘एज ऑफ एम्पायर्स २’, वर्षभरात उरकायचा बेत होता; प्रत्यक्षात दोन वर्षे लागली. १९९८चा नाताळ हुकला आणि ‘द एज ऑफ किंग्ज’ सप्टेंबर १९९९ मध्ये आला. मध्ययुगातल्या १३ संस्कृती, रांगा करून चालणारे सैन्य आणि नीट बेतलेले संतुलन यांमुळे तो पहिल्यापेक्षा बराच पुढे गेला. २००० मधल्या ‘द कॉन्करर्स’ या पुरवणीने आणखी पाच संस्कृती आणल्या. दरम्यान रिक गुडमन आणि ब्रायन सलिव्हन बाहेर पडून आपापले स्टुडिओ काढते झाले.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एन्सेम्बल विकत घेतली. पैशांची चिंता मिटली, पण काय करायचे हे ठरवणारे आता दुसरे होते. ‘एज ऑफ मिथॉलॉजी’ (२००२) आणि ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ (२००५) ठरल्याप्रमाणे आले. चमूतल्या अनेकांना मात्र वेगळे काही करायचे होते, आणि नव्या कल्पनांचे कितीतरी नमुने तयार होऊन बासनात गेले. टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर, हातातल्या कंट्रोलरने खेळता येईल असा डावपेचांचा खेळ त्यांनी स्वतःच्या कथेवर सुरू केला होता. मालकांनी त्याला ‘हेलो’ या गाजलेल्या मालिकेचे रूप द्यायला सांगितले आणि त्यातून ‘हेलो वॉर्स’ झाला. ‘हेलो’वरच बेतलेला, हजारोंनी एकत्र खेळायचा एक मोठा प्रकल्पही चालू होता; तो रद्द झाला.

सप्टेंबर २००८ मध्ये चमूला सांगण्यात आले, की ‘हेलो वॉर्स’ पूर्ण झाला की स्टुडिओ बंद होईल. नोकरी जाणार हे ठाऊक असूनही त्यांनी काम पुरे केले. दारे जानेवारी २००९ अखेर बंद झाली आणि खेळ त्यानंतर महिनाभराने दुकानांत आला, म्हणजे तो बाजारात पोहोचला तेव्हा त्याचे कर्ते कुठेच नोकरीला नव्हते किंवा दुसरीकडे होते. काहींनी ‘रोबॉट एंटरटेनमेंट’ काढली, काहींनी ‘बॉनफायर’. त्याआधीच बाहेर पडलेल्या पॉल बेटनर आणि त्यांच्या भावाने ‘न्यूटॉय’ या कंपनीतून ‘वर्ड्स विथ फ्रेंड्स’ हा शब्दखेळ आणला. ‘एज ऑफ एम्पायर्स’ हे नाव मात्र मायक्रोसॉफ्टकडेच राहिले.

त्या नावाला पुन्हा जीव आला तो खेळाच्या चाहत्यांमुळे. ‘फरगॉटन एम्पायर्स’ या नावाने हौशी मंडळींनी दुसऱ्या खेळासाठी केलेली विनामूल्य पुरवणी इतकी चालली, की २०१३ मध्ये तिला मायक्रोसॉफ्टची अधिकृत मान्यता मिळाली. तीच मंडळी पुढे व्यावसायिक स्टुडिओ झाली आणि दुसऱ्या खेळाची २०१९ मधली नवी आवृत्ती ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ त्यांच्याच हातची.

आपल्या वाचकांसाठी यातली एक बाजू विशेष आहे. १९९९च्या मूळ खेळात भारत नव्हता. हत्तीवर बसून लढण्याचा मान पर्शियाकडे होता. २००७ मध्ये तिसऱ्या खेळाच्या ‘द एशियन डायनेस्टीज’ या पुरवणीत भारतीय आले, १८५७च्या उठावावर बेतलेल्या मोहिमेसह. त्यांच्या गावकऱ्यांना गाईगुरे कापता येत नाहीत, ती पवित्र कुरणात राखायची असतात. दुसऱ्या खेळात भारत उतरला तो २०१३ मध्ये, सगळे मिळून एकच संस्कृती म्हणून. २०२२ मधल्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ने त्या एकीचे हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्राविड असे चार भाग केले.