स्टिकी विकेट

ब्रिटिश इंग्रजीतला, क्रिकेटमधून आलेला वाक्प्रचार. एखादा माणूस ‘स्टिकी विकेटवर’ आहे म्हणजे तो अशा पेचात आहे, की एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी अंगाशी येईल. यातली विकेट म्हणजे यष्ट्या नव्हेत; ‘विकेट फिरकीला साथ देतेय’ म्हणताना आपणही ज्या अर्थाने तो शब्द वापरतो, ती खेळपट्टी.

खेळपट्ट्या पावसात उघड्याच असत, त्या काळातले हे बोलणे. ओली खेळपट्टी फलंदाजाला नडते असे वाटते, पण चिंब भिजलेल्या खेळपट्टीवर चेंडू संथ येतो आणि गोलंदाजाचेच पाय घसरतात. खरी पंचाईत पाऊस थांबून कडक ऊन पडले की. वरची माती वाळून पापुद्रा धरते, खाली ओल तशीच राहते. अशा जागी एक चेंडू रुतून थेट हनुवटीकडे उसळतो आणि त्याच टप्प्यावरचा पुढचा घोट्याजवळून सरपटत जातो. खेळपट्टी पुरती वाळली, की हा खेळ संपतो. तोवर तग धरणे एवढेच फलंदाजाच्या हाती.

1937च्या मेलबर्न कसोटीत डॉन ब्रॅडमनने हेच ओळखले. दुसऱ्या डावात त्याने शेपटाचे फलंदाज आधी पाठवले, स्वतः सातव्या क्रमांकावर, खेळपट्टी सुधारल्यावर उतरला आणि 270 धावा काढल्या. भारताच्या वाट्याला ही विकेट 1947मध्ये ब्रिस्बेनला आली. ऑस्ट्रेलियातली आपली ती पहिलीच कसोटी. संघात सांगलीत जन्मलेले विजय हजारेही होते. डाव 58 आणि 98 धावांत आटोपले. पहिल्या डावात अर्नी टोशॅकने अवघ्या दोन धावा देऊन पाच बळी घेतले.

आता आच्छादनांमुळे अशी खेळपट्टी मोठ्या सामन्यांत दिसत नाही. बोलण्यात मात्र ती टिकून आहे. आकडे जुळत नसताना पत्रकारांसमोर बसलेला मंत्री, भाडेकरूशी करार न करताच भांडायला निघालेला घरमालक, हे सगळे स्टिकी विकेटवर. मराठीत ‘कात्रीत सापडणे’ जवळचे, पण कात्रीत दोन्हीकडून दाब असतो. इथे पायाखालची जमीनच बेभरवशाची असते. गुगली, क्लीन बोल्ड, षटकार हे शब्द मराठीने सहज उचलले, हा वाक्प्रचार तितका रुळला नाही. अनुवादात ‘चिकट विकेट’ तर लिहूच नये. वाचणाऱ्याला डिंक आठवतो.