आधी कोणती खेळी बघायची?

सांगलीत हल्ली डाव संपला की पहिला प्रश्न येतो, "इंजिन काय म्हणतंय?" इंजिन म्हणजे फोनवरचा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम. हे गाव भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचं. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती ठरलेली भाग्यश्री साठे-ठिपसे इथलीच. अशा गावात पोरं आधी फोनकडे बघतात, हे जुन्या खेळाडूंना खुपतं. फोन इतका भारी का, असं विचारलं तर पोरांचं उत्तर ठरलेलं असतं: "फास्ट आहे ना!" हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे कोणती खेळी आधी तपासायची, तो क्रम.

गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संगणकाला बुद्धिबळ शिकवण्यावरच्या १९५० च्या निबंधात अडचण नेमकी मांडली होती. एका स्थितीत सरासरी ३० खेळ्या धरल्या, तर दोघांच्या दोन-दोन खेळ्या होईपर्यंत ८ लाख १० हजार स्थिती होतात. सगळंच बघायचं की निवडक, असे दोन रस्ते त्यांनी दाखवले. पहिल्या रस्त्याला तारलं ते आल्फा-बीटा छाटणीने, म्हणजे निरुपयोगी ठरलेल्या खेळ्या पुढे न तपासण्याच्या युक्तीने. १९५० च्या दशकात संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि इतर काही जणांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली.

पटावर ती अशी दिसते. माझ्याकडे एक बऱ्यापैकी खेळी आधीच तपासलेली आहे. आता मी उंट काढायचा विचार करतो. त्यावर समोरच्याचा घोडा राजाला शह देतो आणि वजीरही मारतो. मग त्याची उरलेली २९ उत्तरं बघायची गरजच काय? उंटाची खेळी बाद.

मेख एवढीच की घोड्याचं ते उत्तर तिसाव्या नंबरला तपासलं तर वाचलं काहीच नाही. क्नुथ आणि मूर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये याचं नीट गणित मांडलं. क्रम अचूक असेल तर त्या ८ लाख १० हजारांऐवजी शेवटच्या पातळीवर फक्त १,७९९ स्थिती तपासाव्या लागतात. लहानपणी आम्हाला शिकवणारे काका टेबलावर बोट आपटत म्हणायचे, "आधी शह बघ, मग मारामारी, मग बाकीचं." त्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता.

पुढचा बराचसा इतिहास हा क्रम लावण्याचाच आहे. रिचर्ड ग्रीनब्लॅट यांच्या १९६७ च्या मॅक हॅक या बुद्धिबळ प्रोग्रॅममध्ये एकदा तपासलेली स्थिती तक्त्यात नोंदवली जायची, म्हणजे वेगळ्या वाटेने तीच स्थिती आली तर पुन्हा डोकेफोड नको. अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये त्या नोंदीसाठी सुटसुटीत किल्ली दिली, म्हणजे प्रत्येक स्थितीची ओळख सांगणारी एक संख्या. दोन्ही रंगांची मिळून १२ प्रकारची मोहरी, ६४ घरं, म्हणून ७६८ यादृच्छिक संख्या. मोहरं हललं की किल्लीतल्या दोन-तीनच संख्या बदलायच्या.

मग आली सगळ्यात उलटी वाटणारी युक्ती. स्लेट आणि अ‍ॅटकिन यांचा 'चेस ४.५' हा प्रोग्रॅम आधी एक खेळी खोल बघायचा, मग पहिल्यापासून दोन, मग पुन्हा तीन. तेच काम परत परत! पण आधीच्या फेरीतली चांगली खेळी पुढच्या फेरीत पहिली येते आणि वाया गेलेला वेळ व्याजासकट वसूल होतो.

वेगही वाढत होताच. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा संगणक डीप ब्लू सेकंदाला २० कोटी स्थिती बघायचा.

१९९० च्या आसपास रूढ झालेली 'नल मूव्ह' ही माझी आवडती युक्ती. माझी पाळी सोडून दिली तरी मी वरचढ राहतो का? राहत असेन, तर त्या फांदीत, म्हणजे खेळ्यांच्या त्या मालिकेत, फार खोल जायचं नाही. फक्त राजे आणि प्यादीच उरलेल्या डावाच्या शेवटात ती तोंडावर पडते. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७, पाळी काळ्याची. पाळी सोडता आली तर बरोबरी, पण नियमाने हलावंच लागतं आणि डाव जातो. म्हणून अशा जागी इंजिनं ती बंद ठेवतात.

२००० नंतर यादीत मागे असलेल्या खेळ्या कमी खोलीवर बघायची पद्धत रुळली. म्हणजे पुन्हा सगळा भरवसा क्रमावरच. २०१७ मध्ये डीपमाइंडच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमने सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती बघून सुमारे ७ कोटी बघणाऱ्या स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनला हरवलं. सामन्याच्या अटींवर वाद झाले, ते रास्तही होते. पण कोणत्या खेळीकडे आधी वळायचं हे अल्फाझीरोला त्याचं न्यूरल नेटवर्कच, म्हणजे डावांवरून शिकलेली गणिती रचना, सुचवत होती. स्टॉकफिशने २०२० मध्ये नेटवर्क घेतलं ते स्थितीचं मोल ठरवायला. शोधाला आल्फा-बीटाच ठेवली, आणि तक्त्यात खेळी नोंदलेली असली तर तो आजही तीच सगळ्यात आधी तपासतो.