खास ताकद वेगळी, असमतोल वेगळा

जळगाव-भुसावळकडच्या हॉस्टेलात एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या गेमचा डाव लागला आणि त्यातल्या बाजूंपैकी कोणी हूण घेतले, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "हाई चिटिंग शे भो, याले घरंच लागत नही!" बाकीच्यांना माणसं वाढवायची तर आधी घरं बांधावी लागतात, हूणांना ती लागत नाहीत, हे खरंच आहे. पण त्यावरून गेम असमतोल आहे असं ठरत नाही. ही गल्लत इतकी सर्रास होते, की चांगल्या चांगल्या सिव्हिलायझेशन्सवर, म्हणजे गेममधल्या अशा बाजूंवर, लोक आपसांत बंदी घालून टाकतात. मला ते मनापासून खटकतं.

खास ताकद नियमांत लिहिलेली असते, डाव सुरू व्हायच्या आधी वाचता येते. असमतोल कुठेच लिहिलेला नसतो, तो निकालांतून कळतो. तोडीस तोड खेळाडू, भरपूर डाव, आणि तरीही एकच बाजू सारखी जिंकत असेल, तर तो असमतोल.

हूणांचा हिशोब मांडूनच बघू. डेफिनिटिव्ह एडिशन या गेमच्या नव्या आवृत्तीत एका घराला २५ लाकूड लागतं आणि त्यात ५ जण मावतात. लोकसंख्येची नेहमीची मर्यादा २००, त्यातले ५ टाउन सेंटर, म्हणजे गावाची मुख्य इमारत, सांभाळतं. उरलेल्या १९५ जणांची सोय फक्त घरांवर केली तर ३९ घरं, म्हणजे ९७५ लाकूड. बांधणाऱ्या गावकऱ्याचा वेळ वेगळाच. सवलत भलतीच मोठी वाटते. पण हूण सुरुवातीलाच इतरांपेक्षा १०० लाकूड कमी घेऊन उतरतात, आणि ही बचत एकरकमी हातात पडत नाही, डाव लांबेल तशी पदरात पडते. शिवाय अरेबियासारख्या उघड्या नकाशावर बाकीचे खेळाडू घरंच भिंतीसारखी लावून गाव बंद करतात. हूणांना घर बांधताच येत नाही, म्हणून ती युक्तीही गेली.

हूणांमध्ये खरा असमतोल होता तो दुसरीकडे. २००० साली द कॉन्करर्स या गेमच्या पुरवणीत ते आले तेव्हा त्यांचे घोड्यावरचे तिरंदाज डावाच्या कॅसल एज या टप्प्यात २५ टक्के आणि त्यापुढच्या इम्पीरियलमध्ये ३० टक्के स्वस्त होते. पुढच्या आवृत्त्यांत ही सूट १० आणि २० टक्क्यांवर आणली गेली. घरांच्या सवलतीला मात्र कोणी हात लावला नाही. चांगला नर्फ, म्हणजे ताकद कमी करणारा बदल, असाच असतो: कात्री आकड्याला लागते, ओळख शाबूत राहते.

चिनी सिव्हिलायझेशनचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं, आणि माझ्या मते जास्त शिकवणारं. द कॉन्करर्सच्या नियमांत त्यांना सुरुवातीला ३ गावकरी जास्त मिळतात, पण अन्न २०० आणि लाकूड ५० कमी. सगळ्यांची सुरुवात २०० अन्नाने होते, म्हणजे चिन्यांकडे अन्न शून्य! गावकरी काढायला ५० अन्न लागतं, तेव्हा पहिल्या क्षणी टाउन सेंटर रिकामं बसतं. नवखा खेळाडू इथेच मागे पडतो. कसलेला खेळाडू अन्नासाठी लगेच मेंढ्यांवर माणसं लावतो, आणि मग त्या ३ जास्तीच्या गावकऱ्यांचा फायदा डावभर पुरतो. नियम तोच, पण नवख्यांच्या हातात चिनी दुबळे आणि पट्टीच्या खेळाडूंच्या हातात जबरदस्त. म्हणून "ही सिव्ह ओपी आहे", म्हणजे ही सिव्हिलायझेशन प्रमाणाबाहेर ताकदवान आहे, असं कोणी म्हणालं, की मी आधी विचारतो, कोणाच्या हातात?

आणि कोणत्या नकाशावर? १९९८ च्या स्टारक्राफ्ट या अशाच दुसऱ्या लढाईच्या गेममध्ये झर्ग, प्रोटॉस आणि टेरन अशा तीन बाजू आहेत, आणि तिघींची घडण मुळातूनच निराळी. झर्गला ५० मिनरल्समध्ये (हे तिथलं चलन) झर्गलिंग नावाचे दोन सैनिक मिळतात, प्रोटॉसचा झीलट हा एक सैनिक १०० ला पडतो, टेरनच्या काही इमारती तर उचलून दुसरीकडे नेता येतात. या गेमच्या आकड्यांतले समतोलाचे शेवटचे बदल २००१ च्या १.०८ या पॅचमध्ये, म्हणजे सुधारित आवृत्तीत, झाले. त्यानंतर कोरियात व्यावसायिक स्पर्धा वर्षानुवर्षं चालल्या, त्या नकाशे बदलत ठेवूनच. तळांमधलं अंतर, चढाची रुंदी, दुसरा तळ किती सुरक्षित, यावर कोणत्या बाजूचं पारडं जड होईल ते ठरतं. तिन्ही बाजूंच्या ताकदी आहेत तशाच राहिल्या.

उलट, दोन्ही बाजूंना सगळं सारखं दिलं म्हणजे समतोल झाला, असंही नाही. बुद्धिबळात दोघांकडे तीच सोळा मोहरी असतात, तरी पहिली चाल पांढऱ्याची, आणि एकूण डावांत पांढरा थोडा जास्त जिंकतो.

तेव्हा बंदी घालण्याआधी एवढं करा. त्याच दोन खेळाडूंनी, त्याच नकाशावर, सिव्ह अदलाबदल करून पुन्हा खेळायचं. असे बरेच डाव झाले आणि विजय सिव्हच्या मागे फिरत राहिला, तर असमतोलाची शंका रास्त. तो एकाच खेळाडूच्या मागे राहिला, तर त्या भाऊचा खेळच सरस आहे. मग दुसरा नकाशा लावून हेच पुन्हा करायचं, कारण अरेबियावर घोडे दौडवणाऱ्या हूणांना आयलंड्स या बेटांच्या नकाशावर सगळ्यांसारखं जहाजांवरच भागवावं लागतं.