सरकारी ई-मेल खाते: अर्ज कुठे करायचा, काय लागते, ब्राउझरवर कसे उघडायचे

कार्यालयाचा पत्रव्यवहार खासगी मेलवरून करू नये, असे केंद्राच्या २०१५ च्या ई-मेल धोरणात सांगितले आहे. तरी अजून कित्येक टेबलांवर जीमेलचे पत्ते चालतात. साहेबांची बदली झाली की पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो आणि मागचा सगळा पत्रव्यवहार अडकतो. म्हणून खाते काढायचे तर एनआयसीकडूनच, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडूनच काढा.

केंद्र व राज्य शासनाच्या नियमित कर्मचाऱ्यांना हे खाते मिळते. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही मिळते, पण कराराच्या मुदतीपुरते.

अर्ज एनआयसीच्या ई-फॉर्म्स पोर्टलवर भरायचा. पहिल्यांदा भरणाऱ्याने चालू मोबाइल क्रमांक आणि जो असेल तो ई-मेल द्यावा. दोन्हींवर ओटीपी येतो. नाव, पदनाम, कर्मचारी क्रमांक, कार्यालयाचा पत्ता आणि सेवानिवृत्तीची तारीख ही माहिती सेवापुस्तकात बघूनच लिहा. निवृत्तीच्या तारखेवर खात्याची मुदत ठरते, त्यामुळे ती अंदाजाने टाकू नका. तुमच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा सरकारी ई-मेलही लागतो, कारण अर्ज आधी त्यांच्याकडे जातो आणि मग विभागाच्या समन्वयकाकडे, म्हणजे विभागाची ई-मेल खाती बघणाऱ्याकडे.

कागदपत्रांचा फार पसारा नाही. आधारवरून ई-साइन, म्हणजे ऑनलाइन सही करता येते. ते जमत नसेल तर तयार झालेला अर्ज छापून वरिष्ठांची सही-शिक्का घ्यायचा आणि स्कॅन करून चढवायचा. मिळालेला नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. अर्ज कोणाच्या टेबलावर थांबला आहे ते त्यावरून कळते. अडलेच तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एनआयसीच्या जिल्हा केंद्रात विचारा.

मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्या, हे मी कळकळीने सांगतो. एका कार्यालयात सोय म्हणून डेटा एंट्री ऑपरेटरचा क्रमांक दिला होता. तो नोकरी सोडून गेला, ओटीपी त्याच्याकडे जात राहिले आणि ऐन अहवालाच्या दिवसांत मेल उघडेना. क्रमांक बदलून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा सही-शिक्का.

खाते नावाचे हवे की पदनामाचे, हेही आधी ठरवा. नावाचे खाते माणसाबरोबर जाते. पदनामाचे त्या खुर्चीचे असते. कार्यमुक्त होताना ते पुढच्या माणसाच्या हवाली करायचे आणि त्याने लगेच पासवर्ड बदलायचा. आवक-जावकीच्या पत्रांसाठी माझ्या मते पदनामाचेच खाते घ्यावे.

आता ब्राउझरवर उघडण्याचे. २०२५ मध्ये केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर गेली. पत्ते तेच राहिले, लॉगिनचे पान मात्र बदलले. त्यामुळे जुना बुकमार्क चालत नसेल तर समन्वयकाकडून नवा पत्ता घ्या आणि तो स्वतः टाइप करा. एसएमएसमध्ये आलेल्या लिंकवरून कधीही लॉगिन करू नका. पासवर्डनंतर दुसरी पडताळणी होते. त्यासाठी पूर्वी ‘कवच’ नावाचे अ‍ॅप होते आणि २०२२ मध्ये त्याचीच नकली आवृत्ती पसरवून सरकारी कर्मचाऱ्यांच्या संगणकांत घुसखोरी झाली होती. म्हणून पडताळणीचे अ‍ॅप समन्वयकाने सांगितलेल्या ठिकाणाहूनच घ्या. ब्राउझर ‘पासवर्ड जतन करू का’ विचारतो तेव्हा नाही म्हणा. धोरणालाही ते मान्य नाही. कार्यालयातला संगणक चार जण वापरतात, तेव्हा उठताना लॉगआउट कराच.

२०१५ च्या धोरणात ९० दिवस न उघडलेले खाते बंद करण्याची तरतूद होती, म्हणून लांब रजेवर असतानाही अधूनमधून उघडून बघत जा. त्याच धोरणात किमान २० वर्षे सेवा झालेल्या अधिकाऱ्यांना नावाचा पत्ता निवृत्तीनंतर वर्षभर ठेवण्याची आणि त्यानंतर त्याच नावाचा, वेगळ्या डोमेनचा (@ नंतरचा भाग वेगळा असलेला) पत्ता आयुष्यभरासाठी मिळण्याची सोय होती. निवृत्तीची फाइल चालू असतानाच समन्वयकाकडे आत्ताच्या नियमाची चौकशी करून ठेवा.