सर्व्हर बंद पडला होता, की गेमच सर्व्हरच्या खुंटीला बांधलेला होता?

शहर वसवण्याच्या संगणक-गेमचं, २०१३ च्या सिमसिटीचं, नाव काढलं की जुने खेळाडू एकच वाक्य टाकतात: "अरे, त्याचे सर्व्हर झोपले होते ना!" झोपले होते, खोटं नाही. पण या एका वाक्यात दोन निराळी दुखणी कोंबलेली आहेत. दोन्ही एकाच रात्री दिसली म्हणून लोकांनी त्यांना एकच समजलं, आणि हा गोंधळ कंपनीच्या चांगलाच पथ्यावर पडला, असं माझं मत आहे.

पुण्याच्या वेशीवरच्या एखाद्या नव्या सोसायटीत राहत असाल तर फरक पटकन कळेल. आज टँकर उशिरा आला, ही एक तक्रार. सोसायटीला नळजोडणीच नाही, ही दुसरी. दोन्ही वेळा बादली रिकामीच असते. पण पहिल्या तक्रारीवर दोन फेऱ्या वाढवल्या की काम भागतं. दुसरीवर वीस टँकर उभे केले तरी काही उपयोग नाही, कारण मुळात टँकरवर जगावं लागतंय हेच तर दुखणं.

आधी टँकर उशिरा आल्याची गोष्ट.

मॅक्सिस या स्टुडिओनं बनवलेला आणि त्याची मालक कंपनी ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) हिनं बाजारात आणलेला हा गेम ५ मार्च २०१३ ला अमेरिकेत आला. मुख्य मालिकेतला आधीचा 'सिमसिटी ४' २००३ चा, म्हणजे लोक दहा वर्षं वाट बघत होते. पैसे भरले, भलंमोठं डाउनलोड संपलं, गेम उघडला, तर समोर सर्व्हरची यादी. आपल्या भागातला निवडावा तर तो भरलेला. मग पडद्यावर वीस मिनिटांचं उलटं घड्याळ सुरू. ते शून्यावर आलं की आत सोडतील असं वाटायचं. पण जागा नसेल तर घड्याळ पुन्हा वीसपासून. दुसरा सर्व्हर निवडला तर कधी प्रवेश मिळायचा, पण तिथे कोऱ्या जमिनीपासून सुरुवात. शहर ज्या सर्व्हरवर वसवलं तिथेच राहायचं. काल एका सर्व्हरवर उभी केलेली वीजकेंद्रं आणि शाळा आज दुसऱ्यावरून दिसायच्या नाहीत. आत शिरलेल्यांपैकीही अनेकांचा संपर्क मध्येच तुटायचा आणि परत येऊन बघावं तर शहर काही तास मागे गेलेलं.

कंपनीनं काय केलं? ओझं उतरवायला सुरुवात केली. क्रमवारीचे तक्ते, अचिव्हमेंट अशा गोष्टी तात्पुरत्या बंद. वेळ वेगानं पळवणारी 'चीता' गती काढून टाकली. म्हणजे एकदाचे आत गेलात तरी गोगलगाईच्या चालीनं शहर वाढताना बघत बसा. ॲमेझॉननं डाउनलोड आवृत्तीची विक्री काही काळ थांबवली. मॅक्सिसच्या प्रमुख लुसी ब्रॅडशॉ यांनी चूक कबूल केली, सर्व्हरची क्षमता १२० टक्क्यांनी वाढवल्याचं सांगितलं आणि १८ मार्चपर्यंत गेमची नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला ईएचा एक गेम फुकट देऊ केला. त्या फुकटच्या यादीत 'सिमसिटी ४' होता. नेट नसतानाही चालणारा. यापेक्षा बोलकी दिलगिरी मी तरी पाहिलेली नाही.

दोन-तीन आठवड्यांत गर्दी ओसरली, घड्याळ दिसेनासं झालं, चीताही परत आला. पहिलं दुखणं हे असं असतं: जोरात येतं, सगळ्यांना दिसतं आणि पैसे ओतले की बरं होतं. पॉलिगॉन या संकेतस्थळानं दिलेले गुणच बघा ना. गेम येण्याआधी मोकळ्या सर्व्हरवर खेळून दिले ९.५. मग घसरून ८, मग ४, आणि सर्व्हर सावरल्यावर ६.५. हा आलेख दुखणं क्रमांक एकचा.

दुसरं दुखणं गुणांत उतरलं नाही, कारण ते पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच वर्षभर होतं. एकट्यानं, कोणाशी काही देवाणघेवाण न करता छोटंसं गाव वसवायचं असलं, तरी नेट लागणार. गावी गेलात, नेट नाही, गेम नाही. विमानात बसलात, गेम नाही. आणि शहराची फाइल तुमच्या संगणकावर नाहीच, ती कंपनीकडे.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. १९८९ साली विल राइट यांनी पहिला सिमसिटी केला तेव्हापासून या मालिकेची एक खोडकर मजा आहे: शहर सेव्ह करायचं, मग त्यावर राक्षस सोडायचा, भूकंप करायचा, सगळं जळताना मनसोक्त बघायचं आणि जुनी फाइल उघडून काही झालंच नाही असं दाखवायचं. महापौर म्हणून एखादा उरफाटा निर्णयही असाच करून बघता यायचा. कर दुप्पट करा, लोक पळाले, फाइल परत उघडा. २०१३ मध्ये सेव्ह करणारा आपण नव्हे, सर्व्हर. राक्षस आला की गेलं ते गेलं. सर्व्हर अगदी रिकामा असला, नेट झकास चालत असलं, तरी हे जात नव्हतं.

तपासायची खूण इथेच सापडते. पहाटेचे तीन वाजलेत, सर्व्हर मोकळा आहे, नेट सुरळीत आहे असं समजा. तक्रार उरते का? उरत नसेल तर ती गर्दीची. उरत असेल तर ती बांधणीची.

आता कंपनीची बाजू. सर्व्हरशिवाय चालणार नाही, असं तिचं म्हणणं होतं; शहराच्या हिशेबाचा मोठा भाग आमच्या सर्व्हरवर होतो, आणि तो बाजूला काढायचा तर अभियांत्रिकीचं प्रचंड काम आहे. ऐकायला पटण्यासारखं. ग्लासबॉक्स हे नवं इंजिन, म्हणजे गेम चालवणारी मूळ प्रणाली, प्रत्येक माणूस, पाणी, वीज, सांडपाणी सगळं रस्त्यावरून धावणाऱ्या कणांसारखं हाताळायचं, तेव्हा गणित जड असणारच. पण लोकांनी नेट काढून बघितलं. शहर पंधरा-वीस मिनिटं आरामात चालत राहिलं, आणि मग सर्व्हर सापडत नाही म्हणून गेमनंच दार लावून घेतलं. मार्चच्या मध्यावर एका मॉडरनं, म्हणजे गेमच्या कोडमध्ये स्वतः फेरफार करणाऱ्या खेळाडूनं, तो वेळ मोजणारा भाग काढून टाकला, तर शहर चालतच राहिलं. गणित आपल्याच संगणकावर होत होतं. सर्व्हरकडे होतं ते शेजारच्या शहरांशी देणंघेणं, जागतिक बाजारातले भाव, क्रमवारी आणि सेव्ह. त्यानंतर ब्रॅडशॉ यांनी लिहिलं की एकट्याचा ऑफलाइन प्रकार करता आला असता, पण तो आमच्या कल्पनेत बसत नव्हता. म्हणजे 'करता येत नाही' आणि 'करायचं नाही' यांचीही सरमिसळ झालेली होती.

आणि म्हणूनच मी म्हणतो, गोंधळ सोयीचा होता. लोक ओरडत होते "सर्व्हर!", कंपनी उत्तर देत होती "हे घ्या आणखी सर्व्हर". उत्तर प्रश्नाला जुळल्यासारखं दिसायचं.

अर्थात खेळाडूंनीही दुसऱ्या दुखण्याच्या खात्यावर नको ते मांडलं. शहरासाठी मिळणारा दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा तो इवलासा भूखंड? त्याचा ऑनलाइनशी संबंध नव्हता. मोठी शहरं बहुतेकांच्या संगणकांना पेलणार नाहीत, हे मॅक्सिसनं पुढे प्रयोग करून सांगितलं. सगळ्या गाड्या एकाच जवळच्या रस्त्यावर घुसायच्या आणि शेजारचा चौपदरी रिकामा राहायचा, तो दोष इंजिनाच्या डोक्यातला.

उलटं उदाहरणही आहे. मे २०१२ मध्ये ब्लिझार्ड कंपनीचा राक्षस मारण्याचा गेम 'डायब्लो ३' आला, तेव्हा सर्व्हर भरले की दिसणारा 'एरर ३७' हा शब्द जगभर गाजला. गर्दीचं दुखणं तेच. पण तिथे राक्षस कुठून येणार, त्यांच्याकडून काय लूट मिळणार हे खरोखरच ब्लिझार्डच्या सर्व्हरवर ठरत होतं; म्हणजे 'नेटशिवाय चालत नाही' हे संगणकावरच्या आवृत्तीपुरतं खरं होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलची आवृत्ती आली ती मात्र नेटशिवाय चालायची. करायचं ठरवलं तर होतं ते.

गर्दीचं दुखणं पहिल्या आठवड्यात होतं, बांधणीचं शेवटच्या दिवशी समजतं. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा शर्यतींचा गेम २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम, एकट्यानं गाडी चालवायचा भागसुद्धा, संपला. त्या दिवशी सर्व्हरवर गर्दी नव्हती, बिघाडही नव्हता. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. २०२५ पासून कॅलिफोर्नियात डिजिटल वस्तू विकताना, तुम्ही मालकी नव्हे परवाना घेताय हे स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडेही गेम 'विकत घेतला' म्हणताना हे डोक्यात असू द्यावं.

सिमसिटीचं पुढे काय झालं? १८ मार्च २०१४ ला दहावा अपडेट आला आणि त्यात एकट्यासाठी ऑफलाइन खेळ. साडेसहा महिने लागले म्हणे. तोवर खेळाडूंचा धीर सुटला होता. मार्च २०१५ च्या सुरुवातीला ईएनं कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलचं मॅक्सिस बंद केलं, आणि आठवडा व्हायच्या आत फिनलंडच्या कोलॉसल ऑर्डर या चिमुकल्या कंपनीचा 'सिटीज: स्कायलाइन्स' आला. नेट न मागणारा.

पण त्या दहाव्या अपडेटनंतर ज्यांनी सिमसिटी पुन्हा उघडला, त्यांना शहराची फाइल स्वतःच्या हार्ड डिस्कवर मिळाली. हवी तितक्या वेळा सेव्ह करा, हवी तेव्हा उघडा. राक्षस सोडा, गाव पेटू द्या, मग कालची फाइल उघडा.