साठी झाली म्हणून बुद्धी नाठत नाही

आबाजींनी एकच प्रश्न चौथ्यांदा विचारला की घरचे म्हणतात, "साठी बुद्धी नाठी, सोड." इथंच घोळ होतो. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की साठीपुढच्या शंभरात सुमारे सात जणांना तो असतो. बाकी नव्वदाहून अधिक जणांना नसतो.

चष्मा कुठं ठेवला हे कोणीही विसरतं. पण जन्मभर कापूस वेचाईची मजुरी तोंडी काढणारा माणूस किलोच्या हिशेबात अडखळू लागला, रोजच्या वावरातून येताना पांदण चुकला, तर दाखवायला हवं. कधी आठवण बरी असते, स्वभावच बदलतो. "सुनेनं पैसे चोरले" असा रोजचा संशय सुरू होतो, घरात भांडणं पेटतात अन् आजार कोणाच्या ध्यानातही येत नाही.

"उपायच नाही तर दाखवून काय करायचं?" हेही अर्धवट खरं. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी काहींची लक्षणं काही काळ आटोक्यात राहतात. शिवाय बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त यांनीही असंच विसरायला होतं, आणि त्यावर इलाज आहे. ऐकू कमी येणारा म्हातारा तर उगाच विसराळू ठरतो!

आजी शाळेत गेली नाही म्हणून तपासणी अडत नाही; लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी तोंडी चाचण्या आहेत. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा, पुढं जिल्हा रुग्णालय. जाताना बदल केव्हापासून दिसतोय ते लिहून न्या, चालू गोळ्यांची पाकिटंही.